स्लॅबमधील ओलावा : विनाइल अंथरण्यापूर्वीची आवश्यक परीक्षा



नव्या अतिदक्षता विभागाचे बांधकाम पूर्ण होऊनही तो सुरू होण्यास विलंब का झाला, अशी पृच्छा अनेक हितचिंतकांनी केली. ती सर्वथा रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बांधकामशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि एका चुकीने जे शिकविले, ते येथे नमूद करणे माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी तळमजल्यावरील एका कक्षात, उद्घाटनाचा मुहूर्त साधण्यासाठी मी विनाइलचे फ्लोअरिंग घाईने करवून घेतले. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यास फुगे आले, सांधे उकलले आणि ते संपूर्ण काढावे लागले. दोष ठेकेदाराचा नव्हता. घाई माझी होती.

काँक्रीट घट्ट होणे आणि कोरडे होणे या भिन्न गोष्टी आहेत. मिश्रणातील काही पाणी सिमेंटशी रासायनिक संयोग पावते; उरलेले सूक्ष्म छिद्रांवाटे सावकाश बाहेर पडते. २८ दिवसांची मुदत बळकटीची आहे, कोरडेपणाची नव्हे. पाणी मारणे थांबून इमारत बंदिस्त झाल्यावर, अनुकूल हवेत जाडीच्या प्रत्येक इंचास सुमारे एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात. दमट हवेत तो लांबतो. तळमजल्यावर स्लॅबखाली प्लॅस्टिकचा जाड कागद नसेल, तर जमिनीतील ओलही वर चढते. विनाइलखाली हा ओलावा कोंडतो आणि त्यातील अल्कधर्मी पाणी गोंद सैल करते. उकललेल्या सांध्यांत मळ व पाणी साचून जंतुसंसर्गाचा धोका संभवतो. रुग्ण अडखळून पडण्याचे भय निराळेच.

परीक्षेची सोपी रीत अशी : १८ इंच लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा स्लॅबवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवावा. खाली थेंब दिसले वा काँक्रीट काळसर झाले, तर ओल निश्चित आहे. मात्र काही न दिसल्यास आतला भाग कोरडाच आहे, असे सिद्ध होत नाही.

म्हणून अमेरिकेतील 'एएसटीएम एफ २१७०' या मानकानुसार स्लॅबला छिद्र पाडून आतील सापेक्ष आर्द्रता मोजतात. एकाच बाजूने वाळणाऱ्या स्लॅबमध्ये छिद्र जाडीच्या ४० टक्के खोल असते. म्हणजे १५० मिलिमीटर जाडीस ६० मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी वाळणाऱ्या स्लॅबमध्ये ते २० टक्के असते. पहिल्या १,००० चौरस फुटांस तीन छिद्रे व पुढील प्रत्येक १,००० चौरस फुटांस किमान एक घ्यावे लागते. छिद्र बंद करून २४ तासांनी नोंद घेतात आणि ती फ्लोअरिंग व गोंद यांच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहतात.

या वेळी प्लॅस्टिकखाली एकही थेंब नव्हता. परंतु छिद्रांतील नोंद मर्यादेबाहेर होती. तेव्हा वातानुकूलन व आर्द्रताशोषक यंत्रे चालू ठेवून आम्ही थांबलो, पुन्हा मोजणी केली आणि नोंद मर्यादेत आल्यावरच काम हाती घेतले.

परीक्षेचा खर्च जमाखर्चात दिसतो. टळलेले नुकसान कोणत्याही रकान्यात दिसत नाही. यापुढे उद्घाटनाची तारीख विचारताना आपण प्रथम स्लॅबची नोंद विचारावी, अशी नम्र विनंती आहे.