वापरलेल्या पाण्यावर हिरवा चारा : कोकणच्या उन्हाळ्याचा हिशेब

ईदुल अजहा चांद्र महिन्याप्रमाणे येते. त्यामुळे इंग्रजी तारखेने ती दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१७ साली ती २ सप्टेंबरला होती. तीन महिने पावसाच्या गवतावर जनावर जवळजवळ फुकट भरत असे. २०२३ साली ती २९ जूनला आली, २०२४ साली १७ जूनला आणि २०२५ साली ७ जूनला. याच चालीने २०२७ साली ती मेच्या मध्यावर, २०३० साली एप्रिलच्या मध्यावर आणि २०३२ साली मार्चच्या उत्तरार्धात येईल. म्हणजे येती काही वर्षे कुर्बानीचे जनावर बाजारात आणायची वेळ आणि कोकणात हिरवी काडी नसण्याची वेळ एकच राहणार आहे. शेळीपालक, खाटीक व दूधवाले बंधू या सर्वांनी याचा विचार आताच केला पाहिजे.

तोटा कुठे होतो?

सिंधुदुर्गात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी मार्चनंतर विहिरी खाली जातात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि कातळावर मातीचा थर पातळ असतो. पावसाचे चार महिने सोडले तर चाऱ्याच्या बाबतीत आपला मुलूखही कोरडाच म्हणावा लागेल. एप्रिल-मेमध्ये जनावर वजन गमावते. चारा विकत घेणे परवडत नाही म्हणून पुष्कळ लोक ते पडत्या भावात काढून टाकतात आणि ईदच्या तोंडावर घाटावरून आलेले जनावर चढ्या भावाने घेतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफई मजहबाचे आहेत. शाफई मताप्रमाणे कुर्बानीचा बोकड पूर्ण दोन वर्षांचा लागतो, हनफी मताप्रमाणे एक वर्षाचा चालतो. दोन वर्षांचा बोकड म्हणजे दोन उन्हाळ्यांचा चारा. नफा-तोटा या दोन उन्हाळ्यांतच ठरतो.

दुसरीकडे काय झाले?

मुंबईला १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तेथे हजारो म्हशींचे गोठे धुतलेले शेणामुताचे पाणी सखल जमिनीत सोडून त्यावर पॅरा गवत घेतले गेले. हे गवत दलदलीत व घाण पाण्यातही जोमाने वाढते. वाया जाणारे पाणी आणि खत दोन्ही पुन्हा म्हशींच्या पोटात चाऱ्याच्या रूपाने गेले.

दुसरे उदाहरण हैदराबादचे. दख्खनच्या कोरड्या भागात मुशी नदी उन्हाळ्यात वाहते ती मुख्यतः शहराच्या सांडपाण्यावर. त्या पाण्यावर भात नीट पिकेना, तेव्हा नदीकाठचे अनेक शेतकरी पॅरा गवताकडे वळले व शहरातील तबेल्यांना रोज गवत विकू लागले. धंदा चालला, पण त्या पाण्यात कारखान्यांचे पाणीही मिसळत होते, आणि त्याचा दोष माती-चाऱ्यात उतरण्याची चिंता अभ्यासकांनी मांडली. आपण दोन्ही धडे घ्यावेत. वापरलेले पाणी कामाचे आहे, पण ते कुठून आले हे आधी पाहावे.

पाणी तीन प्रकारचे

पहिले, वजूचे, आंघोळीचे व कपडे धुतल्याचे पाणी. हे वापरण्याजोगे आहे. दुसरे, संडासाचे पाणी. हे घरगुती पातळीवर चाऱ्याला अजिबात देऊ नये. माणसाच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी गवतावर जातात, तेथून गुराच्या मांसात व पुन्हा माणसात येतात. तिसरे, रंगकामाचे, छपाईचे व कातडी कमावण्याचे पाणी. माझा व्यवसाय कापडाचा आहे म्हणून हे ठासून सांगतो. रंगाईच्या पाण्यात क्षार व रसायने असतात. ते चाऱ्याजवळही नेऊ नये.

आता हिशेब

व्यापारी माणसाने आकडा मांडल्याशिवाय पाऊल टाकू नये. उन्हाळ्यात एका चौरस मीटर गवताला दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे रोज ५०० लिटर. चांगल्या निगेत संकरित नेपिअर गवत गुंठ्याला वर्षाकाठी एक ते दीड टन, म्हणजे दिवसाला सरासरी तीन ते चार किलो हिरवा चारा देते.

पाच माणसांच्या घरात आंघोळ व धुण्याचे रोज २५० लिटर पाणी धरा. त्यावर अर्धा गुंठा भिजेल व दीड-दोन किलो चारा मिळेल. मशिदीत दिवसाला शंभर लोक वजू करत असतील आणि नळाखाली प्रत्येकी चार लिटर जात असतील तर ४०० लिटर झाले. त्यावर पाऊण गुंठा भिजून अडीच-तीन किलो चारा मिळेल.

मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा लागतो. म्हणजे घरच्या पाण्यावर एक शेळीसुद्धा पूर्ण पोसत नाही, गाईची तर गोष्टच नको. असे असूनही हे काम करण्यासारखे आहे, कारण हिरवा चारा पोटभर नव्हे, जोड म्हणून द्यायचा आहे. शेळीमागे रोज एक किलो हिरवे आणि बाकी कुळीथ-चवळीचा भुसा, फणसाचा पाला व थोडा खुराक, असे दिले तर जनावर उन्हाळ्यात खचत नाही. या मापाने घरामागे दोन व मशिदीमागे तीन शेळ्या सांभाळता येतील. या पाण्यावर दहा शेळ्या पोसण्याची गोष्ट कोणी सांगितली तर विश्वास ठेवू नये.

मक्याचे दाणे ट्रेमध्ये भिजवून, पाणी फिरवून सात-आठ दिवसांत हिरवा चारा करण्याची पद्धत गोव्यात पुष्कळ गाजली. त्यात एक किलो दाण्याचे पाच-सहा किलो होतात हे खरे, पण वाढलेले वजन पाण्याचे असते. कोरडे अन्न दाण्याइतकेही उरत नाही. दाण्याचा भाव पाहूनच त्यात पडावे.

कृती

मोरीचे पाणी प्रथम खडी व वाळू भरलेल्या छोट्या हौदातून गाळून घ्यावे. ते एका दिवसापेक्षा जास्त साठवू नये; वास सुटतो आणि डास होतात. गवतावर न शिंपडता सरीतून मुळाशी सोडावे व सरीवर पातेरा पसरावा, म्हणजे पाणी कमी उडते.

परड्यात कातळ वर असेल तर दीड फूट माती भरून घ्यावी. संकरित नेपिअरच्या यशवंत, फुले जयवंत, को-४ या जाती चालतील. दोन डोळ्यांची कांडी ३ फूट बाय २ फुटांवर लावावी. गुंठ्याला पावणेदोनशे ते दोनशे कांड्या लागतात. पावसाच्या सुरुवातीस लावल्यास उन्हाळ्यापर्यंत मुळे खोल जातात. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढच्या दीड-दीड महिन्याने. जमिनीपासून वीतभर ठेवून कापावे. कापण्याआधी चार-पाच दिवस हे पाणी बंद ठेवावे आणि कापलेला चारा थोडा सुकवून द्यावा. जेथे पाणी साचतेच, तेथे पॅरा गवत लावावे.

साबणाचे क्षार मातीत साठतात. किनाऱ्यावर मालवण-वेंगुर्ल्याकडे ज्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात तेथे जास्त जपावे. मात्र आपला पाऊस हे क्षार दरसाल धुऊन नेतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही सवलत नाही.

जनावर निवडताना आपल्याच जिल्ह्याची कोंकण कन्याळ ही शेळी पाहावी. निळेली (ता. कुडाळ) येथे कोकण कृषी विद्यापीठाचे पशुपैदास केंद्र आहे, तेथे चौकशी करावी.

शरियतची बाजू

काही बंधू विचारतील की हे पाणी पाक आहे का. शाफई व हनफी दोन्ही मतांत वजूचे वापरलेले पाणी पाक आहे; फक्त त्याने पुन्हा वजू होत नाही. झाडांना देण्यास हरकत नाही. सौदी अरबस्तानच्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने तर १९७८ साली पुरते शुद्ध केलेले सांडपाणीही वापरण्यास मान्यता दिली. घाण खाणाऱ्या जनावराबद्दल, म्हणजे जल्लालाबद्दल, फिक्हमध्ये वेगळे नियम आहेत. शंका असल्यास स्थानिक आलिमांना विचारावे.

आदरणीय प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे लिटरहूनही कमी पाण्यात वजू करीत. म्हणून गवत वाढावे यासाठी नळ सोडून ठेवणे हा उलटा व्यवहार होईल. आधी बचत करावी, मग जे वाहून जाते ते गवताला द्यावे.

जमातीने काय करावे?

मशिदीचे पाणी व जमीन ही वक्फची अमानत आहे. मुतवल्लीने किंवा कोणा एकाने ते गवत आपल्या शेळ्यांना नेणे योग्य नाही. जमातीच्या बैठकीत ठराव करावा, चारा बाजारभावाने विकावा, रक्कम वहीत लिहून मशिदीच्या खात्यात भरावी. विधवा किंवा गरीब घरात शेळी असेल तर तिला चारा देण्याचा ठरावही जमात करू शकते. मुसलमानाने लावलेल्या रोपातून पशू-पक्ष्याने खाल्ले तरी ते त्याचे दान ठरते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

या पावसाच्या तोंडावर प्रत्येक जमातीने पाऊण गुंठा लावून पाहावा. किती पाणी गेले, किती किलो चारा निघाला आणि उन्हाळ्यात जनावराचे वजन किती राहिले हे वहीत लिहावे. एका सालाची वही हातात आली की पुढच्या सालचा निर्णय सोपा होईल.