मुंबई ते दुबई : तिकिटावरचे तास आणि खरे तास

परदेशाशी व्यवहार करू पाहणाऱ्या मुळशीच्या व्यापाऱ्याला सफरीचा वेळ आधी नीट कळला पाहिजे. नुसत्या तिकिटावरून तो कळत नाही. निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची असते, पोहोचण्याची वेळ त्या दुसऱ्या शहराची. एकातून दुसरी वजा केली की हिशेब चुकलाच.

घड्याळाचा फरक : पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे १५ अंशांना १ तास. भारताचे घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, दुबईचे ४ तास आणि जेद्दाचे ३ तास. म्हणून दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, जेद्दा अडीच तास मागे. लंडनचा फरक हिवाळ्यात साडेपाच तास, तर मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेचार तास असतो.

अंतर व वेग : मुंबईहून सरळ हवाई अंतर दुबईला सुमारे १,९३० कि.मी., जेद्दाला ३,५०० आणि लंडनला ७,२०० कि.मी. आहे. जेट विमान उंचीवर ताशी ८५० ते ९०० कि.मी. वेगाने जाते. नुसता भागाकार केला तर दुबई सव्वादोन तासांवर येते. प्रत्यक्षात वेळापत्रकात तीन-सव्वातीन तास धरलेले असतात. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि मार्गाची वळणे यांत बाकीचा वेळ जातो. लंडनला जाण्यापेक्षा येण्यास कमी वेळ लागतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

उदाहरण : समजा, पौडचा तांदूळ व्यापारी इंद्रायणीचा नमुना घेऊन दुबईस निघाला. विमान सकाळी १० चे. सव्वातीन तासांनी आपल्याकडे सव्वा वाजतो, दुबईत पावणेबारा. तिकिटावर सफर पावणेदोन तासांचीच दिसते! परतताना सकाळी १० ला निघून तीन तासांत आला, तरी मुंबईत अडीच वाजलेले असतात. तिकिटावर साडेचार तास दिसतात.

आता घरापासून मोजू. विमानतळावर ३ तास आधी, म्हणजे ७ वाजता पोहोचायचे. चांदणी चौकातून द्रुतगती मार्गाने, खोळंबा धरून ५ तास. म्हणजे पौड रात्री २ वाजता सोडावे लागेल. दुबईत तपासणी आटोपून देरा बाजारात जाईपर्यंत तिथला १ वाजेल, आपले अडीच. एकूण साडेबारा तास. त्यांत विमानाचे फक्त सव्वातीन.

म्हणून गिऱ्हाइकाला दुपारी १२ ची वेळ देऊ नये. ४ ची द्यावी. पहिल्याच भेटीला उशीर झाला तर सौद्याआधी भरवसा जातो. संपूर्ण हिशेब भारतीय वेळेत मांडावा, फरक शेवटी एकदाच वजा करावा आणि गिऱ्हाइकाला कळवताना ‘दुबईच्या वेळेनुसार’ असे स्पष्ट लिहावे.