कोलियसचीं रोपें बियांपासून कशीं करावीं?

बागेची शोभा केवळ फुलांवर अवलंबून असते, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु कांहीं झाडें अशीं आहेत कीं, त्यांच्या पानांपुढें फुलेंही फिकीं पडावीं. कोलियस हें त्यांपैकींच एक होय. तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या व हिरव्या रंगांनीं नटलेलीं त्याचीं पानें व्हरांड्यांतील कुंड्यांतून आपण पाहतों. हें झाड बहुधा फांदी तोडून लावतात; परंतु बियांपासून तें वाढविण्यांत जो आनंद व जो बोध आहे, तो निराळाच.

कोलियस हें तुळशीच्या कुळांतील झाड. त्याची दांडी चौकोनी असते व पानें समोरासमोर जोडीनें येतात. तुळस, पुदिना व पानओवा यांच्या कोंवळ्या दांड्या बोटांत धरून पाहाव्या, म्हणजे हें नातें सहज ध्यानांत येईल. स्वीडनचा सुप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस यानें तर इ. स. १७६३ मध्यें याची गणना तुळशीच्याच गणांत केली होती. याचें मूळ स्थान आग्नेय आशियांतील उष्ण प्रदेश. ‘कोलियस’ हें नांव ‘म्यान’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलें. कारण याच्या फुलांतील पुंकेसर खालीं जुळून म्यानासारखी नळी बनते.

याचें बीं राईहूनही बारीक असतें. एका ग्रॅमांत तीन हजारांहून अधिक बिया भरतात. मुसळधार पाऊस ओसरल्यावर तें पेरावें. उथळ कुंडी घेऊन तिच्या भोंकावर खापरी ठेवावी. बागेची माती, कुजलेल्या पाल्याचें खत व बारीक वाळू समभाग मिसळून, चाळून कुंडींत भरावी व ओली करावी. बीं चिमूटभर वाळूंत कालवून वर विरळ पसरावें व हलक्या हातानें दाबावें. त्यावर माती मात्र घालूं नये. कारण हें बीं उगवण्यास उजेड लागतो. कुंडीवर काचेचा तुकडा ठेवून ती उजेडांत, परंतु उन्हाबाहेर ठेवावी. वरून पाणी ओतल्यास बीं वाहून जातें. म्हणून कुंडी पाण्याच्या परातींत ठेवून ओल खालून चढूं द्यावी. काच रोज पुसावी. दहा ते चौदा दिवसांत अंकुर दिसतात. मग काच काढून घ्यावी. दमट, कोंदट हवा राहिली तर बुरशी लागून रोपें बुडाशीं कुजतात व आडवीं पडतात.

पहिलीं दोन पानें बहुतेक साऱ्यांचीं हिरवींच दिसतात. रंग पुढील पानांत हळूहळू उमटतो. रोपांना पानांच्या दोन जोड्या आल्या म्हणजे पान धरून, दांडी न चिमटतां, तीं निरनिराळ्या कुंड्यांत लावावीं. या वेळीं धट्टीकट्टीं रोपें ठेवून खुरटीं फेकून देण्याचा मोह होतो. तो आवरावा. पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें झाडाचें अन्न तयार करितें. ज्या रोपांत तें विपुल, तीं झपाट्यानें वाढतात, पण पुष्कळदां साधीं हिरवीं निघतात. ज्यांत तें कमी, तीं मागें पडतात. परंतु अत्यंत सुंदर रंग बहुधा त्यांच्याच पानांवर उमटतात. पानांच्या तीन-चार जोड्या येईपर्यंत कोणत्याही रोपाबद्दल निर्णय करूं नये.

एकाच पुडींतील बीं असलें तरी रोपें सख्ख्या भावंडांप्रमाणें एकमेकांहून भिन्न निघतात. एखादें विशेष आवडल्यास त्याची चार बोटें लांब फांदी पेऱ्याखालीं कापावी, खालचीं पानें काढावीं व ती ओल्या वाळूंत खोंचावी. थोड्याच दिवसांत मुळें फुटतात व मूळ झाडासारखेंच झाड मिळतें. म्हणजे बीं नावीन्य देतें, फांदी तें टिकविते. शेंडा खुडल्यास झाड डेरेदार होतें. फुलांचे तुरे येतांच खुडावे, म्हणजे पानें जोमदार राहतात. कडक उन्हांत रंग विटतो व फार अंधारांत झाड लांबट होतें. सकाळचें कोंवळें ऊन उत्तम.

विद्यार्थिमित्रांनो, यंदा एक कुंडी पेरून पाहा आणि प्रत्येक रोपाचा रंग कोणत्या दिवशीं उमटला, तें वहींत टिपून ठेवा. आणि पालकांनींही ती वही अवश्य पाहावी. घरांत एखादें मूल पहिल्या परीक्षेंत मागें राहिलें असेल, तर त्याच्याविषयीं मत बनविण्यापूर्वीं आणखी कांहीं पानें फुटण्याची वाट पाहणें किती आवश्यक आहे, हें ती वही त्यांस सांगेल.