दूरशिक्षण, पर्यावरण आणि विद्यार्थ्यांची अभिवृत्ती



मागील घटकात तुम्ही प्रश्नावलीची भाषा अभ्यासली. आता तुमच्याच संदर्भातील एक प्रश्न पाहू : ‘दूरशिक्षण हा पर्यावरणपूरक पर्याय आहे, असे तुम्हांला वाटते का?’ बहुतेक जण ‘होय’ लिहून मोकळे होतील. परंतु त्यावरून त्यांची अभिवृत्ती कळली, असे म्हणता येणार नाही. ‘पूरक’ या शब्दातच अनुकूल मत दडलेले आहे. ‘नाही’ म्हणणारा जणू पर्यावरणाच्या विरोधात उभा राहतो. अशा प्रश्नास सूचक प्रश्न म्हणतात.

त्याऐवजी ‘तुम्ही दूरशिक्षण का निवडले?’ असे विचारून पाहा. नोकरी, घरची जबाबदारी, शुल्क, लग्नामुळे सुटलेले शिक्षण ही कारणे पुढे येतील. पर्यावरण त्यांत क्वचितच असेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. हेतू वेगळा, लाभ वेगळा.

हा लाभ खरा आहे का? ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, विद्यापीठाच्या आवारात राहून शिकण्याच्या तुलनेत दूरशिक्षणात दर विद्यार्थ्यामागे सुमारे ९० टक्के कमी ऊर्जा लागते व कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन ८५ टक्के कमी होते. प्रवास घटतो, इमारती कमी लागतात, वेगळे निवासस्थान लागत नाही. छापील पुस्तकांऐवजी संगणकाचा वापर केल्याने मात्र त्यात फारशी भर पडली नाही. संगणकाला वीज लागते आणि विद्यार्थी मजकूर कागदावर छापून घेतातच!

हे आकडे जसेच्या तसे महाराष्ट्राला लावू नयेत. थंड देशात निवासस्थान उबदार ठेवण्यास बरीच ऊर्जा खर्च होते. आपल्याकडे तो खर्च जवळजवळ नाहीच. त्याहून महत्त्वाचा मुद्दा तुलनेचा आहे. दूरशिक्षणाची सोय नसती तर जी गृहिणी शिकलीच नसती, तिचा कोणता प्रवास वाचला? उलट रविवारी ती एस.टी.ने अभ्यासकेंद्रावर जाते, तेव्हा एक प्रवास वाढतो. माझ्या मते तो वाढलेलाच बरा. शिक्षणाचा हिशेब केवळ इंधनात मांडला, तर मुळीच न शिकणारा माणूस सर्वांत पर्यावरणपूरक ठरेल.

स्वयं-अध्ययनासाठी : ‘दूरशिक्षणामुळे पर्यावरणाचे रक्षण होते, म्हणून मी ते निवडले’ या विधानाशी सहमत आहात का, असे विचारल्यास त्यात किती प्रश्न मिसळलेले आहेत, ते शोधा. प्रत्येक प्रश्न सूचकता टाळून स्वतंत्रपणे लिहा.