चिमूटभर मिठातले आरोग्यधोरण

आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दवाखाना, डॉक्टर आणि औषधाची बाटली येते. पण काही विकार असे आहेत की त्यांच्यावरचा खरा उपाय दवाखान्यात नसून स्वयंपाकघरात असतो. तो घरोघरी पोचवायचा तर शासनाला विचारपूर्वक धोरण आखावे लागते. हे कसे घडते, ते आयोडीनयुक्त मिठाच्या उदाहरणावरून पाहू.

आपल्या गळ्यात पुढच्या बाजूस अवटू किंवा थायरॉइड नावाची ग्रंथी असते. शरीराची वाढ आणि मेंदूचा विकास यांसाठी लागणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक ती तयार करते. त्यासाठी तिला आयोडीन लागते. प्रौढ माणसाची रोजची गरज केवळ १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१५ मिलिग्रॅम. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी ते चार ग्रॅम भरत नाही!

पण एवढेसे आयोडीनही मिळाले नाही, तर ग्रंथी फुगते. यालाच गलगंड म्हणतात. गळ्याची गाठ डोळ्यांना दिसते. मात्र त्याहून मोठे नुकसान दिसत नाही. गरोदर मातेला आयोडीन फार कमी पडले, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. असे मूल मतिमंद, मूकबधिर किंवा खुजे होऊ शकते. मग कोणतेही औषध ते नुकसान पुरते भरून काढू शकत नाही. म्हणून येथे उपचारापेक्षा प्रतिबंधाला महत्त्व.

ही उणीव येते कोठून? पाऊस, पूर आणि वितळणारे बर्फ जमिनीतले आयोडीन धुऊन नेतात. अशा जमिनीत पिकलेल्या धान्यातही ते कमीच असते. तुम्ही विचाराल, समुद्रात आयोडीन आहे, मग मिठागरातल्या मिठात ते नसते का? असते, पण इतके थोडे की गरज भागत नाही.

हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड फार होता. डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये कांगडा खोऱ्यात एक मोठा प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन विभाग पाडले. एका विभागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेले, दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेले, तर तिसऱ्याला साधेच मीठ पुरवले. काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा पहिल्या दोन्ही विभागांत गलगंड पुष्कळ घटला होता. तिसऱ्यात तो तसाच होता. हे सिद्ध होताच १९६२ मध्ये तिसऱ्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. त्याच वर्षी राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आयोडीन देण्यासाठी मीठच का निवडले? कारण मीठ गरीब-श्रीमंत सर्वच खातात आणि रोज साधारण तेवढेच खातात. ते मोजक्या ठिकाणी तयार होते, त्यामुळे तेथेच आयोडीन मिसळता येते आणि खर्चही थोडा येतो. आपल्या उष्ण, दमट हवेत आयोडाइडपेक्षा आयोडेट अधिक टिकते, म्हणून भारतात आयोडेट वापरतात.

पुढील पाहण्यांत आयोडीनची उणीव केवळ डोंगराळ भागात नसून सपाटीवरही असल्याचे आढळले. म्हणून खाण्याचे सर्वच मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण १९८४ मध्ये ठरले. १९९७ मध्ये खाण्यासाठी साधे मीठ विकण्यास देशभर बंदी घालण्यात आली. त्यावर वाद झाला. काय खावे याची सक्ती शासनाने करावी का, लहान मीठ-उत्पादकांचे काय, असे प्रश्न उठले. २००० मध्ये केंद्राने बंदी उठवली. त्यानंतर पुरेसे आयोडीन असलेले मीठ वापरणाऱ्या घरांचे प्रमाण घटले. २००५ मध्ये बंदीचा निर्णय पुन्हा झाला आणि तो २००६ पासून लागू झाला. १९९८-९९ च्या पाहणीत पुरेसे आयोडीन असलेले मीठ सुमारे ४९ टक्के घरांत होते. २०१८-१९ च्या पाहणीत ते सुमारे ७६ टक्के घरांत आढळले. म्हणजे चारांतले एक घर अजून उरलेच होते.

या हकिकतीतून काय दिसते? नुसते शास्त्रीय ज्ञान पुरेसे नसते आणि नुसता कायदाही पुरेसा नसतो. कारण शोधणे, प्रयोगाने पडताळणे, सर्वांपर्यंत पोचणारा मार्ग निवडणे, नियम करणे आणि मग सतत तपासत राहणे, अशा या पायऱ्या आहेत. त्यातली एक निसटली तरी त्याची किंमत न जन्मलेले मूल मोजते, आणि त्याला तक्रारही करता येत नाही.

आता एक गणित सोडवा. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे लागते. रोज १० ग्रॅम मीठ खाल्ले तर किती आयोडीन मिळेल? बरोबर १५० मायक्रोग्रॅम. परंतु रक्तदाब वाढू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटना रोज ५ ग्रॅमहून कमी मीठ खाण्यास सांगते. मग आयोडीन किती मिळेल? तूट कशी भरून काढाल: मीठ जास्त खाऊन, की मिठातले आयोडीन वाढवून? वर्गात चर्चा करा. धोरण आखणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो.

आणि घरी गेल्यावर मिठाची पिशवी वाचून पाहा. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, ओल आणि ऊन यांपासून दूर ठेवले आहे ना, तेही बघा.