जुनी येझदी आधी चालती करा

मैसूरच्या यादवगिरीतला आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तिथून बाहेर पडलेल्या जावा आणि येझदी मात्र अजून संपलेल्या नाहीत. महाराष्ट्रातल्या कितीतरी पडव्यांत, गोठ्यांच्या आडोशाला, गोणपाटाखाली त्या वर्षानुवर्षं उभ्या आहेत. कुणीतरी हौशी माणूस त्यांतली एखादी घरी आणतो आणि पहिल्या सुट्टीतच पाना घेऊन बसतो. संध्याकाळपर्यंत गाडी सुटी होते. टाकी, मडगार्ड रंगाऱ्याकडे जातात, इंजिन मिस्त्रीकडे, उरलेलं खोक्यांत. मग पैसे संपतात, कामाचा व्याप वाढतो, कुठला बोल्ट कुठला ते आठवेनासं होतं. पडवीत निदान अखंड उभी असलेली गाडी आता खोक्यांत पडून राहते. असे खोक्यांतले सांगाडे भंगाराच्या भावात विकले जाताना प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे. कारण शेवटी करायचं काम आधी केलं गेलं होतं. जुनी गाडी आधी चालती करायची असते. रंगाची पाळी सगळ्यात शेवटी.

त्याहीआधी कागद. इंजिन आणि चेसिसवर ठोकलेले क्रमांक आरसी बुकातल्या क्रमांकांशी अंकन् अंक जुळल्याशिवाय विसार देऊ नये. एमएच मालिका येण्याआधीच्या पुष्कळ गाड्यांची नोंद परिवहन खात्याच्या ऑनलाइन प्रणालीत नसते. ती आरटीओतून चढवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूळ पुस्तक हातात असणं फार सोयीचं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. मूळ मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या लागतात, आणि चार भावांपैकी एक परदेशी असला की महिने जातात.

इथे एक गैरसमज बराच पसरलेला आहे. २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले. त्यांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात फारसा बदल न झालेली वाहनं येतात. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, पण ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. साठच्या दशकातली जावा त्यात बसू शकते. येझदीची रोडकिंग आली १९७८ मध्ये, तिचं अजून तेवढं वय झालेलं नाही. तिला नेहमीचाच नियम लागू: पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. ज्याला रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गाडीवर जायचं आहे, त्याने हा फरक आधीच समजून घ्यावा.

आता इंजिन. प्रस्तुत लेखकाची रोडकिंग सातारा जिल्ह्यातल्या एका शेतघरातून आली तेव्हा पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. अशा वेळी जोर लावून किक मारायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण त्याने रिंग तुटते, नाहीतर किकचे दाते जातात. प्लग काढून त्याच्या भोकातून डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल ओतायचं आणि गाडी मुरत ठेवायची. मग गिअर टाकून मागचं चाक हाताने किंचित मागेपुढे करायचं. रोज थोडं. बहुतेक पिस्टन असेच सुटतात. सुटल्यावर सिलिंडर उतरवून लेथवाल्याकडून माप घ्यावं. ओरखडे खोल असतील तर रीबोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवावा लागतो. बोअर करण्याआधी पिस्टन हातात हवा, कारण माप त्याच्यावरून धरायचं असतं.

खरी मेख मात्र पिस्टनमध्ये नसते, ती क्रँकच्या दोन्ही टोकांना बसलेल्या रबरी ऑइल सीलमध्ये असते, आणि नवख्याला त्याबद्दल सहसा कुणी सांगत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हा लोहाराचा भाताच असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होऊन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून सिलिंडरमध्ये ढकललं जातं. भाता फुटका असेल तर काहीच धड चालत नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होतं, शाफ्टला घट्ट धरत नाही. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं की फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगणही पेट्रोलातूनच येत असल्याने तेही कमी पडतं. इंजिन तापतं आणि भर वेगात पिस्टन जाम होऊन मागचं चाक अडकू शकतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर केसमधलं तेल आत ओढलं जातं, पांढरट धुराचे लोट निघतात, प्लग ओला होतो. या दोन्ही वेळी बोट कार्ब्युरेटरकडे जातं. जेट बदलले जातात, स्क्रू फिरवले जातात, आणि दोष जागच्या जागी राहतो. इंजिन उघडलंच आहे तर सील नवीनच घालावीत, जुनी वरकरणी कितीही चांगली दिसोत. या एका गोष्टीसाठी लेखक कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

टाकीतला गंज फॉस्फरिक आम्लाच्या द्रावणाने निघतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, धुवायचं, लगेच वाळवायचं आणि आतून तेल फिरवायचं. ओली टाकी रात्रभर ठेवली तर सकाळी पुन्हा लाली धरते. टाकीला भोक असेल तर ती तशीच वेल्डिंगला देऊ नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, आणि त्या स्फोटाने माणसं दगावतात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून काढावी.

सुटं करताना प्रत्येक भागाचा फोटो आणि प्रत्येक बोल्टची चिठ्ठी लावलेली पिशवी. कंटाळवाणं वाटतं, पण करायचंच.

सुटे भाग शोधायला पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार अशी ठिकाणं आहेत. जुना भाग खिशात घेऊनच जावं आणि नवा त्याच्या शेजारी धरून पाहावा, कारण नकली भाग दिसायला हुबेहूब असतात आणि दोन दिवसांत झिजतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात. तिथे तासभर उभं राहिलं तर कुठला मिस्त्री अजून हात चालवतो आणि कुणाकडे कारखान्याच्या काळातलं सामान उरलंय, हे कळतं. हे म्हातारे मिस्त्री म्हणजे या छंदाचं खरं धन आहे. त्यांच्या शेजारी बसून काम पाहायला मिळालं तर सुट्टी टाकावी.

रंगाबद्दल दोन गोष्टी. एका परिचिताने फ्रेम पावडर कोटिंगला दिली. थर इतका जाड बसला की ठोकलेला चेसिस क्रमांक वाचता येईना, आणि नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडली. क्रमांकावर आधी पट्टी चिकटवून घ्यायला सांगितलं असतं तर हे टळलं असतं. दुसरं असं की हा थर वीज वाहू देत नाही. अर्थिंगचे बोल्ट जिथे बसतात तिथला रंग खरवडला नाही, तर नव्याकोऱ्या वायरिंगलाही दिवा मिणमिणता राहतो आणि दोष बिचाऱ्या सहा व्होल्टच्या डायनॅमोवर येतो. मूळ रंग निम्माअधिक शाबूत असेल, टाकीवरच्या हाताने ओढलेल्या रेषा दिसत असतील, तर लेखकाच्या मते तो पुसून, पॉलिश करून तसाच राखावा. तशा रेषा ओढणारे हात आता फार थोडे उरले आहेत.

पहिल्या फेरीआधी टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत. त्यात बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. तिथे तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला आहे, नक्षी कितीही खोल असो, तो बदलावा. ब्रेक जागेवर तपासावेत. पेट्रोल ताजं, लिटरमागे ४० मिलिलिटर टू-टी तेल. नव्या पिस्टनला सुरुवातीला लांब चढ आणि ताणलेला वेग नको. इंजिन अडखळल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी क्लच दाबता यावा म्हणून दोन बोटं लिव्हरवर ठेवावीत. परत आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं, हेडचे नट पुन्हा कसावेत आणि प्लग काढून पाहावा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढराफटक असेल तर त्या दिवशी गाडी पुढे नेऊ नये, आणि जेटला हात लावण्याआधी डायनॅमोच्या बाजूचं सील आणि कार्ब्युरेटरखालचं गास्केट उघडून पाहावं.