घरातील प्रयोगशाळा : एकफलकी संगणकाचे अर्थशास्त्र

तळहातावर मावेल अशा एकाच फलकावर प्रक्रियक, स्मृती आणि जोडणीची सर्व द्वारे बसविलेला पूर्ण संगणक म्हणजे एकफलकी संगणक होय. इंग्रजीतील ‘सिंगल बोर्ड कॉम्प्युटर’ हेच नाव अधिक रूढ आहे. त्याला घरातील दूरचित्रवाणी संच, कळफलक आणि मोबाईलच्या चार्जरसारखा वीजपुरवठा जोडला की तो काम करू लागतो. वरकरणी हा हौशी मंडळींचा विषय वाटेल. तथापि मानवी भांडवल, आयात-अवलंबित्व आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे मापन या अभ्यासक्रमातील तीन घटकांशी त्याचा थेट संबंध आहे.

पार्श्वभूमी

केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आणि त्यांची पूर्वतयारी दोन्ही घटत असल्याचे तेथील अध्यापकांच्या लक्षात आले. १९८० च्या दशकात घरोघरी असलेल्या साध्या संगणकांवर मुले आज्ञावली लिहीत असत. पुढे संगणक महाग आणि ‘हात लावू नये’ अशी वस्तू बनला. यावर उपाय म्हणून एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रास्पबेरी पाय फाउंडेशन ही धर्मादाय संस्था स्थापन केली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांचा पहिला फलक ३५ डॉलरला विक्रीस आला. त्याआधी २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे ‘आर्डुइनो’ हा सूक्ष्मनियंत्रक फलक तयार झाला होता. आर्डुइनोवर कार्यप्रणाली नसते, तो दिलेले एकच काम पुनःपुन्हा करतो. एकफलकी संगणकावर मात्र लिनक्ससारखी कार्यप्रणाली चालते. हा भेद विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

भारतातही स्वस्त संगणनाचा विचार याआधीच झाला होता. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांच्या सहभागातून ‘सिम्प्युटर’ हे हातात धरण्याजोगे उपकरण २००१ मध्ये पुढे आले. त्याची विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही. केवळ कल्पकता पुरेशी नसते, मोठ्या प्रमाणावरील उत्पादन व बाजारपेठही लागते, हा त्यातील धडा आहे.

एक घरगुती उदाहरण

गच्चीवरील पाण्याची टाकी भरून वाहणे हा अनेक घरांचा नित्याचा अनुभव. टाकीच्या झाकणाखाली ध्वनिलहरींवर चालणारा संवेदक बसविला, तर पाण्याची पातळी मोजून पंप आपोआप बंद करता येतो. या कामात तीन अडचणी येतात. पहिली, स्वस्त संवेदक बहुधा ५ व्होल्टचा संकेत देतो, तर रास्पबेरी पायची द्वारे ३.३ व्होल्टचीच असतात. दोन रोधक जोडून दाब कमी न केल्यास फलक निकामी होऊ शकतो. दुसरी, वीज अचानक गेल्यास स्मृतिपत्रातील माहिती बिघडू शकते. तिसरी, पंपाचा प्रवाह २३० व्होल्टचा असल्याने तो भाग जाणकार तारतंत्र्याकडूनच जोडून घ्यावा. आणखी एक विचार असा, की एवढ्याच कामासाठी पूर्ण संगणक लागत नाही, स्वस्त सूक्ष्मनियंत्रकही पुरतो. कामाच्या मानाने साधन निवडणे यालाच ‘समुचित तंत्रज्ञान’ म्हणतात.

विजेचा हिशेबही करून पाहावा. फलक सतत ३ वॅट वीज घेतो असे मानल्यास वर्षाला सुमारे २६ युनिट लागतील. ६० वॅटचा संगणक तेवढाच वेळ चालू ठेवल्यास सुमारे ५२६ युनिट लागतील. प्रतियुनिट ८ रु. दर धरल्यास हा खर्च अनुक्रमे सुमारे २१० रु. व ४,२०० रु. होतो.

राष्ट्रीय उत्पन्नात स्थान कोठे?

समजा, एका कुटुंबाने ५,००० रुपयांचा आयात केलेला फलक घेतला. ही रक्कम खासगी उपभोग खर्चात मिळविली जाते. परंतु त्यातील आयातीचे मूल्य वजा होत असल्याने देशांतर्गत उत्पादनात प्रामुख्याने व्यापारी नफा, वाहतूक व कर एवढीच भर पडते. मुलीने सुटीत महिनाभर खपून टाकीची यंत्रणा उभारली, तर तिच्या श्रमाचे मूल्य कोठेही नोंदले जात नाही, कारण घरातल्या घरात स्वतःसाठी केलेल्या बहुतेक सेवा उत्पादनाच्या सीमेबाहेर ठेवल्या जातात. मात्र तिने मिळविलेले कौशल्य खरे असते. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये मांडलेली ‘कृतीतून शिक्षण’ ही संकल्पना येथे लागू पडते.

या कौशल्याचा लाभ समाजालाही होतो, म्हणजेच त्याला सकारात्मक बाह्यता असते. अशा ठिकाणी खासगी गुंतवणूक अपुरी पडते. पाच हजार रुपये ही अनेक कुटुंबांची महिन्याच्या किराण्याची रक्कम आहे. छंद केवळ ऐपतदारांच्या घरी राहिला, तर अंकीय दरी रुंदावेल. म्हणूनच अटल नवोन्मेष अभियानांतर्गत २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्यात आल्या. इयत्ता ६ वी ते १२ वीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची त्यात तरतूद होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. परंतु कुलूपबंद कपाटातील फलक काही शिकवीत नाही. प्रशिक्षित शिक्षक आणि चुका करण्याची मुभा ही खरी गुंतवणूक होय.

अवलंबित्वाचा प्रश्न

जागतिक चिपटंचाईमुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये रास्पबेरी पायच्या एका प्रमुख फलकाची किंमत ३५ वरून ४५ डॉलर झाली. हौशी ग्राहकाला जे जाणवले, तेच मोठ्या उद्योगांनाही भोगावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रक्रियक स्वदेशी आराखड्याचे प्रयत्न आहेत. आराखडा देशात, पण उत्पादन परदेशात, ही स्थिती बदलण्यास मात्र दीर्घकाळ आणि मोठे भांडवल लागेल.

समारोप

राज्यघटनेच्या ५१ क (ज) या अनुच्छेदाने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. वस्तू कशी चालते हे उघडून पाहण्याची सवय घरात लागली, तर ग्राहकाचा निर्माता होण्याची वाट मोकळी होते. धोरणाचे यश किती फलक वाटले यापेक्षा किती हातांनी ते वापरले यावरून मोजावे लागेल.

सरावासाठी प्रश्न

१. सकारात्मक बाह्यता म्हणजे काय? शालेय प्रयोगशाळांच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. आयात वस्तूवरील उपभोग खर्चाचा स्थूल देशांतर्गत उत्पादनावर होणारा परिणाम उदाहरणासह सांगा.
३. ‘स्वस्त तंत्रज्ञानाने अंकीय दरी आपोआप मिटत नाही.’ चर्चा करा.